गावाहून ये-जा करणाऱ्या विद्यार्थिनीने कॉलेजच्या उपक्रमांत आणि इंटर्नशिपमध्ये कसं उतरावं?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तू खानापूर तालुक्यातल्या एका गावातून रोज बसने बेळगावला येतेस. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहेस, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलीस, आपण भिडस्त आहोत असं तुला वाटतं आणि इंग्रजीचंही दडपण आहे. कॉलेजात फेस्ट, स्पर्धा, क्लब, सेमिनार सगळं चालू असतं, पण त्याला रंग चढतो तेव्हा तुझी बस गाठायची वेळ झालेली असते. घरी म्हणतात, 'कॉलेजला शिकायला जातेस, मिरवायला नव्हे.' मैत्रिणी पैसे भरून ऑनलाइन इंटर्नशिपची सर्टिफिकेटं घेत आहेत, ती आपणही घ्यावीत का असं तुला वाटू लागलंय. आणि पुण्याला किंवा बंगळूरला गेल्याशिवाय आपलं काही खरं नाही, ही धास्ती आहे ती वेगळीच.

बेळगावातल्या एका डिग्री कॉलेजात मी कॉमर्स शिकवते. प्लेसमेंट (मुलांना नोकऱ्या मिळवून देणं) आणि एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) ही दोन्ही कामं बरीच वर्षं माझ्याकडे होती, प्लेसमेंट अजून आहे. नंदगड, जांबोटी, बेळगुंदी, कडोली, येळ्ळूर इकडून येणाऱ्या मुली दरवर्षी हाच प्रश्न घेऊन माझ्या टेबलासमोर बसतात. त्यामुळे जरा लांबण लागली तरी सविस्तर लिहिते.

तू स्वतःला भिडस्त ठरवून टाकलंयस. तुझा प्रश्न वाचून मला तसं काही वाटलं नाही. चारनंतर कॉलेजात थांबता येत नाही ही अडचण बसची आहे, तिचा दोष स्वभावावर कशाला ढकलायचा? स्वभाव बदलायला वर्षं लागतात. वेळापत्रकातून वाट काढायला कॉलेजातल्या एखाद्या सरांशी किंवा मॅडमशी बसून नीट बोललं तरी पुष्कळ होतं. आणखी एक, भाग घेणं म्हणजे स्टेजवर चढणं असं तू धरून चाललीयस. मुलाखतीला समोर बसलेला माणूस तुला किती कार्यक्रमांत होतीस ते विचारत नाही. तो विचारतो, 'तुमच्याकडे काय काम होतं? ते कसं केलंत?' दोन वर्षांनी या प्रश्नाला तुझ्याकडे एक भक्कम उत्तर असावं, एवढ्यासाठी ही सगळी खटपट. म्हणून माझं सांगणं असं की दहा ठिकाणी नावं घालू नकोस. तू आली नाहीस तर अडेल असं एक काम वर्षभर आपल्या अंगावर घे, आणि इंटर्नशिपही त्याच धाग्याने शोध.

आता यातलं काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे तेही सांगते. तुझं कॉलेज सकाळचं असेल तर दुपार तुझी आहे आणि सगळं सोपं होतं. पूर्ण दिवसाचं असेल तर शनिवार आणि सुट्ट्यांवर भिस्त ठेवावी लागेल. घरी शेती असेल, सुगीच्या दिवसांत तुझी गरज लागत असेल, तर त्या महिन्यांत कुठलीही जबाबदारी घेऊ नकोस. पदवीनंतर सीए करायचंय, बँकेच्या परीक्षा द्यायच्यात की एम.कॉम. करून शिकवायचंय, यावरही निवड बदलते. तू त्याबद्दल लिहिलेलं नाहीस, म्हणून मी अजून काही ठरलेलं नाही असं धरून लिहितेय. ठरलेलं नसणं हे दुसऱ्या वर्षाला अगदी साहजिक आहे.

आधी कॉलेजातल्या कार्यक्रमांचं बघू. फेस्ट दोन दिवसांचा दिसतो, पण त्याची तयारी महिनाभर चालते आणि ती बहुतेक दिवसाउजेडी, मधल्या सुट्टीत आणि मोकळ्या तासांना होते. प्रायोजकांना द्यायची पत्रं, बाहेरच्या कॉलेजांची नोंदणी, पाहुण्यांशी पत्रव्यवहार, सर्टिफिकेटांवरची नावं तपासणं, खरेदी आणि हिशेब. ही कामं करायला माणसं मिळत नाहीत. नाचायला आणि सूत्रसंचालन करायला रांग लागते. हिशेबाची वही कुणी हातात घ्यायला मागत नाही. तू बी.कॉम.ची आहेस. ती वही तू माग.

वही सांभाळणं म्हणजे काय ते नीट सांगते, कारण शिकायचं खरं तिथेच आहे. समितीतला एक मुलगा येऊन म्हणतो, 'फ्लेक्सवाल्याला दोन हजार अॅडव्हान्स द्यायचाय, दे लवकर.' तू पैसे देतेस. तारीख, रक्कम, कशासाठी आणि घेणाऱ्याची सही, हे चारही त्याच क्षणी वहीत गेलं पाहिजे. संध्याकाळी कुणालाच काही आठवत नाही. पाण्याच्या बाटल्या, चहा, रिक्षाभाडं यांच्या पावत्या मिळत नाहीत. त्यासाठी साध्या कागदावर व्हाउचर करून खर्च करणाऱ्याची आणि एका सरांची सही घ्यायची. मंडपवाल्याचं बिल ठरल्यापेक्षा जास्त आलं, तर आधीचं कोटेशन फाइलला हवं. कार्यक्रम संपल्यावर शिल्लक किती, देणी किती, प्रायोजकांपैकी कुणाचे पैसे यायचेत, हे एका पानावर मांडून प्राचार्यांच्या हातात द्यायचं. वर्गात आपण कॅशबुक शिकवतो, पण माणसं पैसे मागत समोर उभी असताना ते लिहिणं हे वेगळंच शिक्षण आहे. आमच्याकडच्या एका मुलीने हे काम दोन वर्षं केलं. एका सहकारी सोसायटीच्या मुलाखतीत तिला विचारलं, 'पावती नसलेला खर्च कसा दाखवलात?' तिने व्हाउचरचं सांगितलं, सही कुणाची घेतली ते सांगितलं. पुढची मुलाखत सगळी त्यावरच झाली.

प्रत्यक्ष फेस्टच्या दिवशी तुला थांबता येणार नाही, हे समन्वयक सरांना आधीच सांग. 'मी साडेतीनपर्यंत आहे, त्यानंतर रोख आणि वही अमुक एकाकडे मोजून देते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोजून घेते.' असं स्पष्ट बोलणाऱ्या मुलीवर कुठलाही शिक्षक नाराज होत नाही. त्रास देतात ते आयत्या वेळी गायब होणारे. एखादं वर्ष थांबणं अगदीच गरजेचं असेल, तर शहरात राहणाऱ्या मैत्रिणीच्या घरी मुक्कामाची सोय आधी लाव आणि तिच्या आईशी तुझ्या आईचं फोनवर बोलणं करून दे. निम्मी भीती तिथेच जाते.

एनएसएसकडे मी तुझ्यासारख्या मुलींना हमखास वळवते. १९६९ पासून चाललेली ही योजना आहे, आणि तिची आखणी ये-जा करणाऱ्यांना सोयीची पडते: वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, आणि एखाद्या गावात सात दिवसांचं एक विशेष शिबिर. नेहमीचे तास बहुधा दिवसा भरतात. शिबिर मुक्कामाचं असतं, तेव्हा घरची परवानगी लागते. त्यासाठी कार्यक्रम अधिकाऱ्यांना घरी फोन करायला सांग. मी स्वतः असे फोन खूप केलेत. वडील आधी नको म्हणतात. मग गाव कुठलं, मुलींबरोबर मॅडम कोण, झोपायची सोय कुठे हे कळलं की बरेचसे तयार होतात. शिबिरात पाहणीचं काम माग. दारोदार जाऊन पाणी, शौचालय, शाळा यांची माहिती घेणं, तक्ते भरणं आणि शेवटी गावसभेत ती मांडणं, यात जेवढं बोलायला लागतं तेवढं कुठल्याही व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गात लागत नाही.

एनसीसीबद्दल (राष्ट्रीय छात्र सेना) थोडक्यात: सैन्याची किंवा पोलिसांची ओढ असेल तरच जा. 'सी' सर्टिफिकेटचं तिथे वजन आहे, पण पहाटेची परेड गावाहून गाठणं कठीण जातं.

गावात जे चालतं तेही मोलाचं आहे, आणि हे आपल्या भागातली मुलं कधी सांगतच नाहीत. कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी, सांबरा इथे गावकरी स्वतःच्या हिमतीवर मराठी साहित्य संमेलनं भरवतात. ग्रंथदिंडी, मंडप, पाहुण्यांची ने-आण, जेवणावळ, निमंत्रणपत्रिका, वर्गणी, स्मरणिका. हजारभर माणसांचा कार्यक्रम गावातली पोरं आणि शिक्षक पार पाडतात. तुझ्या गावात किंवा शेजारी असं काही होत असेल तर तिथे रविवारी बसचा प्रश्न नाही, रात्रीचा प्रश्न नाही, आणि घरचे आडवे येत नाहीत. गणेशोत्सव मंडळाचा हिशेब, आईच्या बचत गटाचं रजिस्टर, गावच्या वाचनालयाची पुस्तकनोंद, यातलं काहीही चालेल. बायोडेटात ते लाजत लाजत शेवटी घालू नकोस. 'बचत गटाच्या सभासदांच्या ठेवी, कर्ज आणि व्याज यांची नोंद दीड वर्ष ठेवली' असं वाक्य वाचल्यावर सोसायटीचा मॅनेजर मान वर करून बघतो.

आता इंटर्नशिप. पैसे भरून मिळणाऱ्या सर्टिफिकेटचं आधी निकालात काढते: घेऊ नकोस. इंटर्न म्हणून तू काम करणार, तर पैसे तू का द्यायचे? कोर्सची फी भरणं वेगळं, तिथे कुणीतरी शिकवतं. पण दोन व्हिडिओ, एक प्रश्नावली आणि महिन्याने घरबसल्या सर्टिफिकेट, हा व्यवहार नोकरी देणारे चांगले ओळखून आहेत. शिकायचंच असेल तर 'स्वयम' आणि 'एनपीटीईएल' या सरकारी ऑनलाइन मंचांवर अकाउंटिंग, फायनान्स, व्यवस्थापनाचे आठ-बारा आठवड्यांचे कोर्स मोफत आहेत. फी फक्त परीक्षा द्यायची असेल तर, आणि ती परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते, म्हणून तिच्या सर्टिफिकेटला किंमत आहे.

मग खरी इंटर्नशिप कुठे? तू रोज ज्या रस्त्याने येतेस तिथेच बघ. खानापूर रोडवर मच्छे आणि उद्यमबाग लागतात. बसच्या खिडकीतून फाउंड्री, मशीन शॉप, हायड्रॉलिक्सचे कारखाने दिसतात, आणि आपल्याला वाटतं ही इंजिनिअर आणि आयटीआयवाल्यांची जागा. पण त्या प्रत्येक कारखान्यात एक छोटं ऑफिस असतं आणि त्यात खरेदीची बिलं, डिस्पॅच, पगारपत्रक, बँक आणि जीएसटी बघणारी दोन-तीनच माणसं असतात. त्यांना हात हवाच असतो. शहरात टिळकवाडी, शहापूर भागात सीए आणि कर सल्लागारांची ऑफिसं आहेत, आणि सहकारी सोसायट्या तर गल्लोगल्ली आहेत. बी.कॉम.च्या मुलीला शिकायला या तीन जागा पुष्कळ झाल्या.

आपला भाग सीमेवरचा असल्यामुळे इथे हिशेबाच्या कामात एक गंमत आहे, आणि ती मुलांनी मुद्दाम शिकावी असं मला फार वाटतं. निपाणीचा व्यापारी बेळगावहून माल घेतो तेव्हा दोन्ही गावं कर्नाटकातली, म्हणून बिलावर सीजीएसटी (केंद्राचा) आणि एसजीएसटी (राज्याचा) असे दोन कर लागतात. तोच माल तो हाकेच्या अंतरावरच्या, पण महाराष्ट्रातल्या कागलहून घेतो तेव्हा मध्ये राज्याची हद्द येते आणि बिलावर आयजीएसटी हा आंतरराज्य व्यवहाराचा एकच कर लागतो. उद्यमबागेतल्या कारखान्यांचे पुरवठादार निम्मे कोल्हापूरकडचे, म्हणजे दोन्ही प्रकारची बिलं रोज टेबलावर. माल ५० हजारांच्या वरचा असेल तर ई-वे बिल, म्हणजे माल वाहून नेण्याचा ऑनलाइन परवाना. महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीच्या पोर्टलवर जीएसटीआर-टू-बी हा तक्ता येतो, त्यात पुरवठादारांनी भरलेली बिलं दिसतात. इंटर्नला पहिलं काम बहुतेक ऑफिसांत हेच देतात: समोर खरेदीच्या बिलांची बॉक्स फाइल, स्क्रीनवर टू-बी, आणि एकेक बिल जुळवायचं. एखादं बिल फाइलला आहे पण टू-बीत नाही, म्हणजे पुरवठादाराने ते दाखवलंच नाही किंवा जीएसटी नंबर चुकवला. मग कोल्हापूरला फोन लावायचा. इथे तुझं मराठी कामाला येतं. पलीकडच्या अकाउंटंटशी, 'दादा, तुमचं अमुक तारखेचं बिल आमच्याकडं दिसत नाही, जरा बघता काय?' असं बोलून काम करून घेणारी मुलगी त्या ऑफिसला हवीहवीशी वाटते.

आणि त्याच ऑफिसात कारखान्यातला माणूस पगाराची चौकशी करायला कन्नडमधून बोलत येतो. सोसायटीच्या काउंटरवर तर रोजच. भाषेवरून आपल्याकडे जे चालतं ते तुला-मला ठाऊक आहे, त्यात मी इथे शिरत नाही. मी फक्त एवढं बघितलंय की ज्या मुलीला 'इल्ली सही माडी' (इथे सही करा), 'नाळे बन्नी' (उद्या या) एवढ्यापुरतं का होईना कन्नड बोलता येतं आणि अर्ज वाचता येतो, तिला काउंटरवर बसवतात, आणि जिला येत नाही तिला आतच ठेवतात. काउंटरवर बसलेली लवकर वर जाते. बसची पाटी तू वाचतेसच. तिथून पुढे रोज वर्तमानपत्राचा एक मथळा, वर्गातल्या कन्नड मैत्रिणीबरोबर जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटं कन्नडमधून गप्पा, आणि बदल्यात तिला मराठी. खर्च शून्य.

इंग्रजीचं तुझ्या मनात मोठं ओझं दिसतं. या कामांना इंग्रजी लागतं ते ईमेल लिहिण्यापुरतं आणि एक्सेल, टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) वापरण्यापुरतं. 'सोबत बिलाची प्रत जोडली आहे', 'कृपया दुरुस्ती करून कळवावे' अशा दहा-बारा वाक्यांवर ऑफिसचा निम्मा पत्रव्यवहार चालतो. ती पाठ नको करू. ऑफिसात आलेले जुने मेल वाचायला माग आणि वहीत उतरवून घे.

विचारायला कधी जायचं, यालाही वेळ असते. महिन्याच्या ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-वन (विक्रीचा तपशील) आणि २० पर्यंत थ्री-बी (महिन्याच्या कराचं विवरण) भरायची गडबड असते, तेव्हा कर सल्लागाराच्या ऑफिसात कुणी डोकं वर काढत नाही. २१ नंतर जा. जुलैत इन्कम टॅक्स रिटर्नची आणि सप्टेंबरात ऑडिटची घाई असते. त्या दिवसांत नव्या माणसाला शिकवायला कुणाला सवड नसते, पण जूनपासून आत शिरलेली असशील तर त्याच घाईत सगळ्यात जास्त शिकायला मिळतं. सोसायट्यांची वर्षअखेर ३१ मार्च. त्यानंतर ऑडिटची तयारी चालते आणि तुझ्या परीक्षाही आटोपत आलेल्या असतात. वेळ अशी जुळवून घे.

कामाचा बोलबाला ऐकून लगेच सहा महिन्यांचं कबूल करू नकोस. पहिल्यांदा एक महिना, रोज ठरावीक तीन तास किंवा आठवड्यातून दोन दिवस. विद्यावेतन मिळालं तर उत्तम. छोट्या ऑफिसांत पहिल्या महिन्यात बहुधा काही देत नाहीत, आणि महिनाभर तेवढं चालवून घेता येतं, कारण शक्ती योजनेमुळे जून २०२३ पासून आपल्या राज्यात साध्या सरकारी बसला तुला तिकीट लागत नाही. पण महिना उलटल्यावरही झेरॉक्स, चहा आणि फाइल लावणं एवढंच असेल, किंवा पूर्ण माणसाचं काम करून घेऊन पैशाचं नाव नसेल, तर नम्रपणे निरोप घे. मूळ मार्क्स कार्ड कुणी ठेवून घ्यायला मागितलं तर देऊ नकोस, झेरॉक्स दे.

मुलींसाठी आणखी एक, आणि हे मी प्रत्येक बॅचला सांगते. ऑफिसात आणखी बायका कामाला आहेत का ते पहिल्याच दिवशी बघ. कामाची वेळ लेखी घे, ऑफिसचा पत्ता आणि फोन नंबर घरी आणि कॉलेजात दोन्हीकडे देऊन ठेव. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात प्रशिक्षणार्थी मुलीही येतात. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती असावीच लागते, त्याहून लहान ठिकाणांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तुझ्यावर वेळ येईल असं नाही. पण माहिती असलेल्या मुलीची पाठ ताठ राहते, आणि समोरच्याला ते कळतं.

रोजची नोंद ठेव. एक साधी वही: आज कुठलं काम दिलं, काय अडलं, कुणी सोडवून दिलं. महिनाअखेर त्यातून एक पान तयार कर आणि साहेबांना दाखवून त्यावर सही-शिक्का घे. सर्टिफिकेटमध्येही 'प्रशिक्षण पूर्ण केले' एवढ्यावर समाधान मानू नकोस, काय काम केलं ते दोन ओळींत लिहून द्या म्हण. गिऱ्हाइकांची नावं, आकडे, बिलांचे फोटो मात्र बाहेर काढायचे नाहीत, मैत्रिणीच्या स्टेटसवरसुद्धा नाही.

पुणे-बंगळूरचं काय? जायला माझी ना नाही. पण दुसऱ्या वर्षाला खोलीभाडं, मेस आणि प्रवास घरच्यांच्या माथी मारून विनावेतन इंटर्नशिप करायला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. नातेवाइकांकडे राहायची सोय असेल आणि काम खरं असेल, तर उन्हाळ्याची सुट्टी तिथे घालवायला हरकत नाही. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधान इंटर्नशिप योजना आणली, तिच्याबद्दलही मुलं विचारतात. सुरुवातीच्या नियमांप्रमाणे ती २१ ते २४ वयाच्या, पूर्णवेळ शिकत नसलेल्या मुलांसाठी आहे, वर्षभराची आणि महिना पाच हजारांची. म्हणजे तुझ्या कामाची ती पदवीनंतर. तेव्हा अर्ज करण्याआधी चालू नियम पोर्टलवर बघून घे.

तुझ्या ओळखीत व्हीटीयूखालच्या (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ) इंजिनिअरिंगच्या कुणी असतील तर त्यांच्यासाठी दोन ओळी. त्यांचा हिशेब वेगळा आहे: पदवी मिळायला चार वर्षांत उपक्रमांचे १०० अॅक्टिव्हिटी पॉइंट लागतात, डिप्लोमाहून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांना ७५. हे शेवटच्या सेमिस्टरला गोळा करायला गेलं की धावपळ होते, पहिल्या वर्षापासून थोडे थोडे करावेत. स्मार्ट इंडिया हॅकेथॉन या देशपातळीवरच्या तंत्रस्पर्धेला सहाजणांच्या संघात किमान एक मुलगी असावी लागते, तेव्हा मुलींनी बोलावण्याची वाट न बघता आपणच संघ बांधावा. आणि बी.एस्सी.च्या मुलांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान अकादमीच्या उन्हाळी संशोधन फेलोशिपवर लक्ष ठेवावं, तिचे अर्ज आदल्या वर्षीच सुटतात.

तर तुझ्यापुरता क्रम असा धर. या सेमिस्टरला कॉलेजातलं एक हिशेबाचं किंवा नोंदणीचं काम आणि एनएसएस. दिवाळीच्या सुट्टीत टॅली आणि एक्सेलवर हात बसव. परीक्षा झाल्यावर एक महिना सीएच्या ऑफिसात, सोसायटीत किंवा उद्यमबागेत. तिसऱ्या वर्षाला त्याच ठिकाणी, किंवा तिथल्याच माणसाच्या शब्दावर दुसरीकडे.

घरच्यांशी बोलताना 'मला पण करायचंय' असं म्हणू नकोस. कुठे, किती ते किती, कुणाच्या हाताखाली आणि त्याने काय होणार, एवढं कागदावर लिहून वडिलांच्या हातात दे. वाटलं तर त्यांना एक दिवस ऑफिस बघायला घेऊन ये. सोसायटीच्या चेअरमनशी त्यांची एखादी ओळख निघतेच आपल्याकडे, आणि मग तेच तुला विचारतात, 'कधीपासून जाणार आहेस?'

अर्ज एका पानाचा पुरे. नाव, वर्ग, कॉलेज. कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत आणि रोज किती वाजता येऊ शकतेस. टॅली, एक्सेलपैकी काय येतं. मराठी, कन्नड, इंग्रजी, हिंदीपैकी काय वाचता, लिहिता, बोलता येतं ते वेगवेगळं. आणि आजवर सांभाळलेलं एक काम दोन ओळींत. सोबत कॉलेजचं शिफारसपत्र जोड, प्लेसमेंटच्या सरांनी सही केलेलं. मेल पाठवून वाट बघत बसू नकोस, आपल्या गावात अशी कामं समक्ष गेल्यावर होतात. मैत्रिणीला बरोबर घेऊन जा, पण तिला बाहेर बसव आणि आत एकटी जाऊन बोल. 'आत्ता नको, पुढच्या महिन्यात बघू' म्हणाले तर तारीख विचारून घे आणि त्या तारखेला पुन्हा जा. स्पष्ट नाही म्हणाले तर, 'तुमच्या ओळखीत कुणाला गरज आहे का?' एवढं विचारूनच बाहेर पड. आमच्याकडच्या कितीतरी मुलींना जागा मिळाली ती पहिल्या दारातून नव्हे, त्या साहेबांनी लावून दिलेल्या फोनमुळे.